मागे राहिलेल्यांचे चाचा

भिंगारमध्ये फौजी कुटुंबाची बदली झाली की कुंड्या, कॉमिक्स आणि जनावरं मागे राहायची. कुंड्या शेजारणी उचलून न्यायच्या. बाकी सगळं रशीदचाचांकडे यायचं.

त्याचं कारण चाचांच्या धंद्यात होतं. चाचा पेंटर होते आणि त्यांचं मुख्य काम ट्रंका रंगवण्याचं. बदलीचा हुकूम आला की जवानाच्या घरातल्या लोखंडी पेट्या सदर बाजारामागच्या आमच्या गल्लीत, चाचांच्या अंगणात येऊन पडायच्या. चाचा त्यांच्यावरची जुनी अक्षरं काळ्या रंगानं बुजवायचे आणि वर पांढऱ्या ऑइल पेंटनं मालकाचं नाव, पलटण आणि नव्या गावाचं नाव लिहायचे. जोधपूर, तेजपूर, भटिंडा. पेट्या न्यायला टेम्पो आला की त्यातून एखादं पोर खाली उतरायचं. काखेत मांजर, नाहीतर हातात कॉमिक्सचा गठ्ठा. बाप अवघडून म्हणायचा, "चाचा, आगे क्वार्टर का कुछ पता नहीं, तो ये आप..." चाचा त्याला वाक्य पुरं करायला लावायचे नाहीत. पोरापुढे उकिडवे बसून विचारायचे, "इसका नाम क्या है बेटा? और डरता किससे है?"

चाचांना जाऊन आता वर्ष होत आलं. निधनवार्ता मीच लिहिली. मी नगरच्या एका दैनिकात वार्ताहर आहे. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात मात्र नगरच येतं. निधनवार्तेला आमच्याकडे चार ओळींची जागा असते. 'जुन्या काळातील पेंटर म्हणून परिचित होते', असं मी लिहिलं आणि पुढच्या बातमीकडे वळलो. दुसऱ्या दिवशी अंक हातात घेतल्यावर मला माझीच लाज वाटली. परिचित होते! ज्या माणसाच्या अंगणात माझं अर्धं बालपण गेलं, त्याच्यासाठी मला एवढंच सुचलं. ही उरलेली पानं त्या चार ओळींच्या भरपाईसाठी लिहितो आहे. भरपाई होईल असं वाटत नाही.

चाचा उंच आणि काटकुळे होते. डोक्यावर पांढरी टोपी, आणि टोपीच्या कपाळावरच्या बाजूला काळ्या अंगठ्याचा ठसा. काम करताना टोपी मागे सारायची सवय होती, आणि अंगठा कायम रंगात बुडालेला. हमीदाचाची म्हणायच्या, "धुऊन धुऊन टोपी इरली, पन ह्यांचा अंगठा काय जात न्हाई."

अंगणाला पत्र्याचं फाटक होतं आणि त्याला कडीऐवजी तारेचं कडं. आत जनावरं असायची आणि गल्लीच्या तोंडाशी पाथर्डीकडे जाणाऱ्या गाड्या सुसाट जायच्या. म्हणून आत शिरलेल्या माणसानं ते कडं परत खांबात अडकवायचंच, असा नियम होता. कोणीही आलं, पाहुणा असो, ऑफिसर असो, मशिदीतले मौलाना असोत, चाचा मान वर न करता पहिला शब्द एकच बोलायचे: "तार!" तार अडकवल्याचा आवाज आला की मग, "हां, ये. बस." माझ्या आईला हे अजिबात आवडायचं नाही. "ईदच्या दिवशीसुद्धा 'या' नाही, 'बसा' नाही. आपलं 'तार' म्हणे!" असं म्हणून ती शीरखुर्म्याचं भांडं घेऊन घरी यायची. तार मात्र अडकवूनच आलेली असायची.

त्या अंगणातलं एकही जनावर चाचांचं नव्हतं. हे नीट समजायला हवं. "चाचा, तुमचं कुत्रं चप्पल घेऊन पळालं," असं कोणी म्हटलं तर ते आधी चूक सुधारायचे. "माझं न्हाई. नायक बलबीरसिंगचं हाय. चप्पल कुठल्या पायाची?" त्यांच्या लेखी सगळी जनावरं अमानत होती. मालक बदलीवर गेला आहे, कधी ना कधी परत येणार. येईपर्यंत नाव बदलायचं नाही आणि सवयी मोडायच्या नाहीत.

एक कोंबडा होता. एका सुभेदाराच्या मुलीनं ठेवलेला, म्हणून गल्लीत त्याचं नावच सुभेदार पडलं होतं. आखाडात आमचे मामा पारनेरहून आले आणि तो कोंबडा बघून त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला.

"काय रशीदभाई, सुभेदार रिटायर कधी होनार?"

"सर्विस बाकी हाय त्येंची," चाचा ब्रश न थांबवता म्हणाले.

"अवो पन म्हातारा झाला तो. रस्सा तरी होईल का न्हाई शंका हाय."

"मामा, उद्या ती पोरगी आली आन म्हनली, माझा कोंबडा कुठं? तर तुमी उभं ऱ्हानार का तिच्यापुढं?"

मामा हसले. पण त्या आखाडात आमच्याकडे वांग्याची भाजी झाली. सुभेदार पुढे इतका म्हातारा झाला की त्याला पहाट कधी होते ते कळेना, दुपारी आरवायचा. ती पोरगी काही आली नाही. चाचांनी त्याला अंगणातच पुरला आणि महिनाभर तिथून कुणाला सायकल नेऊ दिली नाही.

नवं कुत्रं आलं की पहिले काही दिवस चाचांची धावपळ असायची. पंजाबी घरातलं कुत्रं पंजाबीच समजणार, तमिळ घरातलं तमिळ. आपण मराठीत किंवा हिंदीत हाका मारून त्याची भाषा मोडायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग ते कॅम्पात त्या मुलखाचा कोणी जवान शोधायचे आणि त्याच्याकडून 'ये', 'बस', 'नको' एवढे शब्द शिकून यायचे. चाची कपाळाला हात लावायच्या. "माझ्या माहेरच्या मानसांची नावं आठवत न्हाईत ह्यांना, आन कुत्र्यासाठी मद्रासी शिकत्यात!"

कॉमिक्सचंही तसंच. भिंतीतल्या फडताळात गठ्ठे लावलेले असत. कुणालाही वाचायला मिळायचं, पण घेताना आणि परत करताना ते कुणाचं आहे हे सांगावं लागायचं. "हे बबलूचं. बबलू कुठं हाय?" "तेजपूरला." "हां. हात धुतलेत का?" आम्ही भिंगारची पोरं अशा कितीतरी मुलांना नावानं ओळखत होतो ज्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. बबलू कोपरे दुमडतो, पिंकी राक्षसांना पेन्सिलनं चष्मे काढते. अजून कधी बातम्यांत तेजपूरचं नाव आलं की माझ्या डोळ्यांपुढे दुमडलेले कोपरे येतात.

हाताळून हाताळून कॉमिक्सचं शेवटचं पान आधी जातं. गठ्ठ्यातल्या निम्म्या पुस्तकांना शेवटच नव्हता. चाचांनी तो काढला. भर दुपारी, ट्रंका वाळत पडलेल्या असताना, ते पांढऱ्या कागदावर चौकटी आखायचे आणि गोष्ट संपवायचे. मूळ गोष्ट त्यांना ठाऊक नसायची. त्यामुळे त्यांचे शेवट त्यांच्यासारखेच असत. दुष्ट शास्त्रज्ञाला पकडून त्याच्या आईपुढे उभं करायचे, आणि ती त्याला आधी झापायची आणि मग भाकरी वाढायची. परग्रहावरच्या राक्षसाचा पाय दुखत असायचा, म्हणून तो एवढा चिडलेला. आणि शेवटची चौकट प्रत्येक पुस्तकात तीच: एक घर, आत दिवा, आणि सताड उघडं दार. त्या चौकटीत शब्द नसायचे आणि माणूसही नसायचा.

मी एकदा विचारलं होतं, "चाचा, दार उघडं का?"

"कोन यायचं राहिलं असलं तर?"

आम्हाला हेच खरे शेवट वाटत. पुण्याला कॉलेजात असताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मला त्यातलं एक कॉमिक अखंड मिळालं. अधाशासारखं शेवटचं पान उघडलं, तर शास्त्रज्ञ ज्वालामुखीत पडून मेलेला. मला धक्काच बसला. छापणाऱ्यांनीच चूक केली आहे, असं मला खरोखर क्षणभर वाटलं. खोलीतल्या मित्रांना मी भाकरीचा शेवट सांगितला, तेव्हा ते हसून लोळले. मी मात्र त्या दिवशी चाचांना पहिल्यांदा ओळखलं. एवढ्या मुलांना त्यांनी न सांगता, न शिकवता, ज्वालामुखीपासून दूर ठेवलं होतं.

पुढे मी नोकरीला लागलो, सावेडीत फ्लॅट घेतला. भिंगार काही लांब नाही, किल्ल्यावरून गेलं की आलंच. पण मला तिथं जायला काहीतरी बातमी लागायची. माणसाकडे नुसतं जाणं माझ्याकडून कधी सुटलं, मला सांगता येणार नाही. दरम्यान ट्रंकांचं कामही आटलं. खोके आले, छापील चिकटपट्ट्या आल्या. गल्लीतली पोरं मोबाईलवर वाचायला लागली. अंगणातली जनावरंही एकेक करून गेली, आणि शेवटी एकटा कुट्टन उरला.

कुट्टन हा तांबूस रंगाचा, एक कान पडलेला गावठी कुत्रा. एका मलयाळी हवालदाराच्या मुलीचा, अंजूचा. ती सातवीत असताना त्यांची बदली ईशान्येकडे झाली. जाताना तिनं कुत्र्याला मिठी मारून असा आकांत केला होता की टेम्पोवाल्यानंसुद्धा इंजिन बंद केलं. चाचांनी तिला शब्द दिला, "तू आल्यावर ह्यो तुलाच वळखनार." आणि तो शब्द पाळायला ते एका दवाखान्यातल्या मलयाळी सिस्टरकडून मलयाळम शिकून आले. 'वा' म्हणजे ये. 'इरी' म्हणजे बस. 'पोकाम' म्हणजे चल, जाऊ या.

मी जाई तेव्हा संध्याकाळचा एकच कार्यक्रम चाललेला असे. फडताळातून अंजूच्या गठ्ठ्यातलं एक कॉमिक काढायचं, कुट्टनला गोणपाटावर 'इरी' म्हणून बसवायचं, आणि मोठ्यानं वाचायचं. मध्येच थांबून विचारायचं, "अंजू किदर है?" की कुट्टनचा उभा असलेला कान फाटकाकडे वळायचा. वर्षामागून वर्षं हे चाललं. चाची आतून ओरडायच्या, "मला कधी पेपर तरी वाचून दावला का?" चाचा म्हणायचे, "तुझा मालक इथंच हाय. त्याचा लांब हाय."

त्यांना कुट्टनचा केवढा लळा होता ते सांगायला नको. सत्तरीच्या पुढे माणूस, मुलगा पुण्याला, धंदा बंद. सकाळी कुट्टन आधी उठायचा आणि चाचांची टोपी तोंडात धरून खाटेपाशी उभा राहायचा. त्याच्याशिवाय ते चहालाही कोपऱ्यापर्यंत जात नसत.

आमच्या रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांवर एक पान करायचं ठरलं. मी अर्थातच चाचांकडे गेलो. "तार!" झालं, बसलो, फोटो काढला. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं. मी हवालदाराचं नाव मुद्दाम गाळलं होतं.

चाचा म्हणाले, "मालकाचं नाव कुठं हाय?"

"राहू द्या चाचा. कशाला?"

"कशाला म्हंजे? त्यांनी वाचलं तर कळाया नगं का त्यांना?"

"आणि आले म्हणजे?"

मी काय म्हणतो आहे ते चाचांना कळलं नाही असं नव्हे. तरी म्हणाले, "लिव. हवालदाराचं, आन अंजूचंबी. मोठ्या अक्षरात."

मी लिहिलं. आमचा पेपर वाचतं कोण, तेही केरळात, असं मला वाटलं होतं. पण कोणीतरी ते कात्रण मोबाईलवर फिरवलं, कुठल्यातरी जुन्या पलटणीच्या ग्रुपवर ते पोचलं, आणि महिन्याभरात मला फोन आला. हवालदार आता निवृत्त होऊन गावी होते. अंजू नर्स झाली होती, घराजवळच नोकरी होती. दोघं येणार होते.

मी हे सांगायला गेलो तेव्हा चाचा अंगणात उभे होते. ऐकून त्यांनी टोपी मागे सारली. मग चाचींना हाक मारली, "अगं, येनार हायेत ती मानसं. साखर हाय का घरात?"

चाची बाहेर आल्या त्या भडकूनच. जन्मभर कुत्र्यांना शिव्या घातलेल्या त्या बाईनं कुट्टनच्या गळ्यात हात टाकला. "न्यायचं न्हाई कुनी. म्हाताऱ्या जनावराला एवढ्या लांब? आन इतकी वर्षं खाऊ कोनी घातलं? विनू, तू फोन करून सांग त्यांना, मेला म्हनून."

"हमीदा," चाचा एवढंच म्हणाले.

ते लोक आले त्या दिवशी मी सकाळपासूनच तिथं होतो. मीच केलेलं निस्तरायला जावं तसा. अंजू फाटकाशी येऊन थबकली. आतून आवाज आला, "तार!" आणि ती रडता रडता हसली. तिनं तार अडकवली. कुट्टन चाचांच्या पायाशी होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, शेपटी थोडी हलवली आणि जागेवरच बसून राहिला. पाहुण्याकडे बघावं तसं.

अंजूचा चेहरा उतरला. हवालदार शहाणे गृहस्थ होते. हिंदीत म्हणाले, "चाचा, आम्ही फक्त भेटायला आलो आहोत. आता तो तुमचाच आहे. राहू दे इथं."

मी सुटकेचा श्वास घेतला. चाचींनी घेतलेला तर मला ऐकू आला. चाचांनी नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी कुणी त्यांना काही म्हणालं नसतं.

चाचा उठले. अंगण ओलांडून पार भिंतीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. "मला बघून येनार न्हाई त्यो," ते म्हणाले. "बेटा, अब बुला. तेरी बोली में बुला."

अंजूनं गुडघे टेकले. हळूच म्हणाली, "कुट्टा, वा."

उभा कान हलला. तोच शब्द तो रोज ऐकत आला होता, फक्त आवाज वेगळा होता. तो उठला. भिंतीकडच्या पाठीकडे त्यानं एकदा पाहिलं. मग सावकाश, म्हाताऱ्या पायांनी, तो तिच्याकडे चालत गेला आणि तिचा हात, मनगट, कोपर हुंगत वर वर गेला आणि एकाएकी पिल्लासारखा कण्हायला लागला. "इरी," ती म्हणाली. तो बसला. तिच्या मांडीवरच बसला.

चाचा वळले. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. मी दुःख बघायच्या तयारीत होतो. पण त्यांच्या चेहऱ्यावर होता तो आनंद, एखाद्याचं पोर वर्गात पहिलं आल्यावर असतो तसा. चाचींना, मला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, "बघ! इसरला न्हाई! म्हनलं हुतं न्हाई?" जे शब्द जपले नसते तर कुत्रं त्यांच्याकडेच राहिलं असतं, ते त्यांनी स्वतःच रोज घासूनपुसून ठेवले होते, आणि आता त्याचाच त्यांना अभिमान वाटत होता. माझ्यासारख्या माणसाला एवढं मोठं काही अगदी जवळून बघायला मिळालं, की काय करावं ते कळत नाही. मी खाली बघून बुटाची नाडी बांधत बसलो.

दुपारी रेल्वेसाठी लाकडी पिंजरा आणला. चाचांनी किती वर्षांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, वरची साय काडीनं बाजूला केली, आणि पूर्वीसारखीच देखणी अक्षरं काढली. वर अंजूचं नाव, खाली कुट्टनचं, त्याखाली त्यांच्या गावाचं. अंजूच्या कॉमिक्सचा गठ्ठाही त्यांनी पुढे केला. तिनं वरचं एक काढून त्यांच्या हातात परत दिलं. "ये आप पढ़ना, चाचा." टेम्पो हलला तेव्हा पिंजरा मागे रिकामाच होता, कुट्टन पुढे तिच्या मांडीवर होता. चाचा हात वर करून म्हणाले, "पोकाम!"

दोन दिवस मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काही बातमी नसताना, नुसता, भिंगारला गेलो. म्हटलं, "चाचा, मी ते छापलंच नसतं तर..."

"येडा हायेस का रं विनू? छापायला मीच लावलं न्हाई का तुला?" असं म्हणून त्यांनी मला चहा घ्यायला लावला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच संध्याकाळी. पुन्हा जाईन म्हणालो होतो, पण नंतर निवडणुका लागल्या.

चहा झाल्यावर चाचा रोजच्या वेळी कॉमिक घेऊन ओट्यावर बसले आणि सवयीनं गोणपाटाकडे पाहून थांबले. चाची आतून आल्या. पदर सावरून त्या गोणपाटावर टेकल्या. "वाचा की," त्या म्हणाल्या. "थांबला कशाला?"

चाचा वाचू लागले. राक्षसाचे, घोड्यांचे, बंदुकीचे सगळे आवाज काढून. चाची मध्येच "मेला!" म्हणून राक्षसाला बोल लावत होत्या. शेवटचं पान चाचांच्याच हातचं होतं. शेवटच्या चौकटीपाशी त्यांनी पुस्तक चाचींपुढे धरलं. चाचींनी वाकून बराच वेळ ती चौकट न्याहाळली.

"दार तेवढं लावून घ्यायचं हुतं," त्या म्हणाल्या.

"राहू दे," चाचा म्हणाले.

मी हळूच उठून बाहेर आलो. फाटक सताड उघडं होतं; येताना माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. जाताना माझा हात आपसूक तारेकडे गेला. ती फाटकावरून काढून टाकलेली होती. मागून 'तार!' असा आवाज येईल म्हणून मी क्षणभर थांबलो, आणि मग फाटक तसंच ठेवून गल्लीत उतरलो.